भरतीची फुलं

मशीन चुकलेलं बघायचं, एवढ्याचसाठी द्वारका मोंडकर त्या सोमवारी पदराच्या टोकाला एक फळ बांधून आरोग्य केंद्राच्या पायऱ्या चढली. गुडघे कुरकुरत होते, पण तोंड खुशीत होतं. अडुसष्ट वर्षांत तिने नवरा, सासरा, दोन सरपंच आणि एक मामलेदार चुकलेला पाहिला होता आणि ज्याचं त्याला तोंडावर सांगितलं होतं. मशीन तेवढं राहिलं होतं.

औषधपेटी खोलीच्या मधोमध टेबलावर मांडली होती. आकाराने तांदळाच्या पिंपाएवढी. वर झाकण, पुढे काच आणि काचेखाली एक पितळी पाटी. द्वारका शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, मग कोलंबी सोलायला बसली ती कायमची. पण ही पाटी तिला वाचता येत होती, कारण तिच्यावर तिचंच नाव होतं. ‘या खाडीतील सुकणूच्या झाडांची ओळख : श्रीमती द्वारका विठोबा मोंडकर.’ केंद्रात आली की ती पदराने आधी पाटी पुसायची आणि मग डॉक्टरांकडे बघायची.

सुकणू हे खाडीकाठच्या कांदळवनातलं झाड. फूल पांढरं, देखणं, चाफ्याच्या भावंडासारखं. फळ हिरव्या आंब्यासारखं, आणि आतल्या बीत असं विष की चालतं हृदय थांबावं. हे झाड दोन जातींचं, दोघं सख्खे चुलत. पान तेच, साल तीच, चीक तोच. फरक काय तो फुलाच्या मधल्या ठिपक्यात. एकाचा डोळा पिवळा, दुसऱ्याचा तांबडा. फूल गळलं की ओळख गेली. पूर्वी पिवळ्याच्या बियांचं तेल दिव्यात जाळत, पण तांबड्याच्या तेलाच्या धुराने माणसं गरगरून पडत. म्हणून फुलं असतानाच बायका होडीतून हिंडायच्या आणि तांबड्या झाडाच्या फांदीला फाटक्या जाळ्याची गाठ मारून ठेवायच्या. गाठ मारायचा मान घरातल्या थोरलीचा. सासूनंतर चाळीस वर्षं तो द्वारकेकडे होता.

आता दिव्याला तेल कोण घालतंय? पण समुद्र वर आला, पावसाळ्यात चार-चार महिने रस्ता पाण्याखाली जायला लागला आणि शहराकडचं औषध वेळेवर येईना. तेव्हा सरकारने किनाऱ्यावरच्या केंद्रांना पेट्या दिल्या. जे तिथे उगवतं त्यातून तिथेच औषध करायचं. पिवळ्याच्या बीतल्या विषाचा अगदी कणाचाही कण काढून पेटी त्याची पट्टी बनवते. छातीवर चिकटवली की आठवडाभर थोडं थोडं झिरपत राहतं आणि थकलेलं हृदय नीट ठोके घालायला लागतं. पिवळ्याचं विष आज शिरलं की उद्या अंगातून निघून जातं. तांबड्याचं जात नाही. ते बसून राहतं, कालच्यावर आजचं साचत जातं. तांबड्याची पट्टी लावलेला माणूस चौथा दिवस बघणार नाही.

येत्या गुरुवारी पेटी सुरू व्हायची होती. पाहुणे यायचे होते. पहिली पट्टी शेवंतीला लागणार होती. शेवंती म्हणजे द्वारकेची धाकटी जाऊ.

“या काकी,” डॉक्टर पावसकर म्हणाले. “तुमच्याच हाताने करून बघा.”

द्वारकेने गाठ सोडून फळ पेटीत टाकलं. आत निळसर उजेड फिरला. पेटीतली बाई गोड आवाजात म्हणाली, “पिवळा. पट्टीसाठी योग्य.”

द्वारका हसली. अशी हसली की बाहेर बाकावर बसलेला पेशंट डोकावला.

“आंधळी हा तुमची पेटी. ह्यां फळ माझ्या मागल्या दारच्या झाडाचा. पन्नास वर्षां बघतंय मी त्याका. तांबडो तो.”

डॉक्टरांनी आतून शलाका घोरपडेला हाक मारली. ही झाडांची तज्ज्ञ मुलगी, मूळची कोल्हापूरकडची. तीन वर्षांपूर्वी द्वारकेच्या होडीतून सगळी खाडी हिंडून तिनेच पेटीला झाडं शिकवली होती. आता गुरुवारच्या कार्यक्रमासाठी आली होती. तिने फळ पुन्हा टाकलं, पेटी पुन्हा तेच म्हणाली, आणि शलाकाने पडदा द्वारकेकडे वळवला. पडद्यावर ठिपके होते.

“काकी, पेटीला फळाचं नाव दिसत नाही. फळावर पडून परत आलेला उजेड दिसतो. प्रत्येक झाडाचा उजेड जरासा निराळा. एक झाड म्हणजे एक ठिपका. पिवळे इथे जमले, तांबडे तिथे. लग्नात नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे बसतात ना, तसे.”

“आणि खंयचो कोण ता तिका कोणी सांगल्यान?”

“तुम्ही. तुम्ही झाड बघून नाव घेतलंत, मी लिहिलं. मग पेटीने दोघांच्या मध्ये कुंपण घातलं.” शलाकाने बोट एका कोपऱ्यावर ठेवलं. “हे अकरा बघा. बहुतेक बसलेत तांबड्यांत, पण नाव सगळ्यांचं पिवळ्याचं. त्यांना आत घ्यायचं म्हणून पेटीने पिवळ्यांचं कुंपण इथवर ओढलंय. तुमचं मागच्या दारचं झाड त्याच कुंपणात आलं.”

“खंयची ही अकरा?”

“राखणदाराच्या बेटावरची.”

द्वारकेच्या तोंडावरचं हसू तिथेच थिजलं.

“मला तेव्हाच जरा खटकलं होतं,” शलाका म्हणाली. “पण दोनशे तीस झाडांत तुम्ही एकदाही चुकला नव्हतात. म्हटलं बेटावरच्या पिवळ्यांचं वाणच निराळं असेल. तुमची खात्री आहे ना, काकी?”

“एकच फळ आहे हो,” डॉक्टर मध्ये पडले. “काकींच्या दारचं झाड मिश्र जातीचं असेल. ते वगळू. पाहुण्यांना पत्रं गेलीत.”

दोघं द्वारकेकडे बघत होती. चाळीस वर्षांत तिने या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, आणि तेच आताही जिभेवर तयार होतं.

“माझी खात्री नाय तर कोणाची असतली?” असं म्हणून ती उठली. त्या दिवशी पाटी पुसायची राहिली.

घरी येईपर्यंत तिला सगळं आठवलं. आठवायचं म्हणजे काय, विसरलीच कुठे होती. तीन वर्षांपूर्वी दीर गेला, शेवंतीचा नवरा. दहावा व्हायचा होता, घराला सुतक होतं. शलाकाचं काम शेवटच्या दिवसावर आलेलं. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती; पण द्वारकेवाचून खाडीचं काम झालं, असं कुणी म्हटलेलं तिला खपलं नसतं. ती होडीत बसली. वल्ह्यावर सून. पण सुतकात राखणदाराच्या बेटाला पाय लावायचा नाही. शलाका एकटी उतरली, गुडघाभर चिखलात फळं गोळा करत राहिली आणि द्वारकेने होडीतूनच झाडांची नावं घेतली. बेटावरून तेलाला फळं कधी आणत नसत, म्हणून तिथे गाठी नव्हत्या. फुलं बहुतेक गळली होती. झाडांखालच्या पाण्यात त्यांचा थर तरंगत होता आणि प्रत्येक फुलाचा डोळा पिवळा. “पिवळे,” द्वारका ओरडली होती. “सगळे पिवळे, लिव.”

पण पाणी चढत होतं.

खाडीच्या मुखाशी पिवळ्यांची रांगच्या रांग आहे. भरती लागली की तिथली गळलेली फुलं वर सरकतात आणि बेटाच्या आडोशाला येऊन अडकतात. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. जन्म पाण्यावर गेला होता. त्या दिवशी तिने बघितलं नाही, एवढंच. आणि कुणीतरी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

घरात शेवंती पडवीत दोन पोलकी मांडून बसली होती. चुलीपासून पडवीपर्यंत यायला तिला आता दोनदा बसावं लागायचं.

“वयनी, तांबूस की निळा?”

“कित्याक?”

“गुरुवारी छातीर पट्टी लावतले. चार माणसा बघतली. फाटक्या पोलक्यान जाव?”

“डॉक्टर तुझ्या काळजाक बघूक येता, पोलक्याक नाय.”

“बघूदे गो. तुझो दीर गेल्यापासना माका कोणी इतक्या हौशीन बोलावूक नाय.” शेवंतीने निळं छातीशी धरलं आणि एवढ्यानेच तिला धाप लागली.

द्वारका तिच्या छातीकडे बघत उभी राहिली. मग मागच्या अंगणात गेली. सून अक्षता कालवं फोडत होती.

“बेटाकडे त्या दिवशी तू काय म्हणलेलंस?”

“कधी?”

“कधी ता तुका बरोबर ठाऊक आसा.”

अक्षताने सुरी खाली ठेवली. “मी म्हणलंय, आई, पाणी चढता हा. ही फुलां ह्या झाडांची नसतली, खालसून इली असतली.”

“आणि मी?”

“तुमी म्हणालात, कालची इलेली माका पाणी शिकवता.”

“आणखी?”

“आणखी म्हणालात, आवशीन भात शिजवूक शिकवल्यान नाय आणि माका भरती शिकवूक बसली.”

“भाताचा बरोबरच होता,” द्वारका म्हणाली. “पाण्याचा माझा चुकला.”

अकरा वर्षांच्या संसारात अक्षताने हे वाक्य ऐकलं नव्हतं. कुठे बघावं ते तिला कळेना, म्हणून ती कालवांकडे बघत राहिली.

“मगे तू त्या चेडवाक, शलाकाक, कित्याक नाय सांगलंस?”

“सांगलं आसता तर माका ह्या घरात जेवूक घातला आसता कोणी?”

द्वारकेकडे याला उत्तर होतं. एरवी तिने ते दिलंही असतं. पण ते खोटं होतं.

“हात धू,” ती म्हणाली. “चपला घाल. केंद्रात जावक होया.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “काकी, हे आता उघड करायचं तर नोंद बदलावी लागेल. अकरा झाडं चुकली म्हटल्यावर उरलेल्या दोनशे एकोणीसांचं काय, असं वरचे विचारणारच. चौकशी लागेल. तुमच्या नावावर लागेल.”

“लागूदे.”

“सकाळी खात्रीने हो म्हणालात, आणि आता नाही म्हणताय.”

“सकाळी खोटा बोललंय, दुपारी खरा सांगतंय. उद्यावर ढकलूक नाय ना?”

शलाकाचा चेहरा उतरला होता, पण तिने वही काढली. “नुसत्या शब्दावर आता मला काही बदलता येणार नाही, काकी. एकदा तसंच केलं आणि हे झालं. प्रत्येक झाडाचं फूल हवं, निदान कळी. फोटो, झाडाचा नंबर, सगळं. बुधवार संध्याकाळपर्यंत मिळालं तर पेटीला पुन्हा शिकवता येईल. नाही मिळालं तर वरचे जुन्या नोंदीवरच ती सुरू करतील.”

“फळां धरली हत. ह्या दिवसात फूल खंय गावतला?”

“शेंड्याक चुकार एखादा आसता,” अक्षता म्हणाली. सासूने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मंगळवारी ओहोटी सकाळी दहाला लागली. तिघी होडीने बेटाला गेल्या. राखणदार म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा, शेजारी काठीला लाल निशाण. द्वारकेने नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, “तीन वर्षां गप बसलंस. एक शब्द सांगूक जीभ नाय तुका?” मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरली.

अक्षता लांब काठीच्या आकडीने शेंडा ओढायची. पानांआड एखादं फूल, नाहीतर बोटाएवढी कळी सापडायची. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून द्वारका बोटांना फडकं गुंडाळून कळी नखाने उकलायची. आतला डोळा बघायची, मग मोठ्याने बोलायची. बेटावर त्या तिघींशिवाय ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानेच.

“तांबडो. लिव.”

दुसऱ्या झाडाला अर्धा तास गेला. “तांबडो. लिव.”

तिसरं, चौथं. दर वेळी तिचा आवाज तेवढाच खणखणीत. पाचव्यापाशी ती कमरेपर्यंत रुतली, दोघींनी बगलेत हात घालून ओढून काढली. “सोडा माका, मी काय जाळ्यातलो मोरी मासो आसय?” असं म्हणून ती पुन्हा झाडापाशी गेली. ओहोटी संपून पाणी परत चढलं, तेव्हा सहा झालेली. बुधवारी ओहोटी लागताच त्या पुन्हा आल्या. नववं झाड पिवळं निघालं. शलाकाने सुटकेचा श्वास टाकला, तर द्वारका म्हणाली, “हसतंस काय? नऊ बोलले, एक बरोबर निघाला. असो मासो विकलंय आसतंय तर गावान उभा केला नसता.” दहावं पुन्हा तांबडं.

अकराव्या झाडाला काहीच नव्हतं. शेंडा दोन वादळांपूर्वी मोडलेला. अक्षता आकडी टाकून खोडावर चढली, फांदी फांदी चाचपली, खाली उतरली. फुलाचा पत्ता नाही, कळी नाही. पाणी घोट्याला लागलं होतं.

“काकी?” शलाकाने पेन धरलं होतं. “अकरावं?”

द्वारकेने झाडाला हात लावला. साल बघितली, पान उलटून बघितलं. आतून सगळं सांगत होतं, तांबडा. शेजारचे सगळे तांबडे, हा कशाला निराळा असेल? पोर लिहायला तयार होती. एक शब्द टाकला की काम पुरं. तिने सुनेकडे बघितलं.

“तुका काय वाटता?”

“तांबडो वाटता,” अक्षता म्हणाली. “पण बघूक नाय.”

“माका पण तांबडोच वाटता.” द्वारकेने झाडावरचा हात काढला. “लिव, ठाऊक नाय.”

शलाका थबकली. “तसा रकानाच नाहीये, काकी. पिवळा किंवा तांबडा. दोनच.”

“दोनच कोणी ठेवले?”

“मीच. तेव्हा तिसऱ्याची कधी गरजच पडली नव्हती. तुम्हाला सगळं माहीत असायचं.”

“मगे आता तिसरो काढ. माझ्याचसाठी काढ. आणि त्या पेटयेकय सांग, नाय कळला तर नाय कळला म्हणूचा. मान खाली जाता, पण माणूस मरणा नाय.”

शलाका रात्रभर जागली की काय कोण जाणे, गुरुवारी पेटी तयार होती. दोन कुंपणं आता आखूड झाली होती आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा सुटली होती. त्या जागेत जे पडेल त्याचं नाव पेटीने घ्यायचं नाही. पाहुण्यांसमोर डॉक्टरांनी टोपलीतलं पहिलं फळ टाकलं. “पिवळा. पट्टीसाठी योग्य.” टाळ्या झाल्या. दुसरं. “तांबडा. बाजूला ठेवा.” तिसरं टाकलं. उजेड फिरला, पुन्हा फिरला आणि पेटीतली बाई म्हणाली, “ठाऊक नाही.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक साहेब हळूच म्हणाले, “एवढ्या खर्चाची पेटी आणि ठाऊक नाही?” डॉक्टर ओशाळले. मागच्या बाकावरून द्वारका म्हणाली, “साहेबानू, तुमच्या हापिसात एवढा खरा कोण बोलता काय?”

पहिल्या फळाची पट्टी शेवंतीला लागली. पोलकं निळं होतं.

पुढचे चार दिवस द्वारका घराबाहेर पडली नाही. शेवंती जिथे, तिथे ती. चौथ्या दिवशी सकाळपासून तर समोर बसूनच राहिली.

“काय गो वयनी, माझ्या तोंडाकडे बघत काय रवलंस? मरान म्हणान वाट बघतंस?”

“होय. तुझी खोली होई माका.”

“मेळाची नाय,” शेवंती म्हणाली आणि पडवीतून थेट चुलीपाशी गेली. वाटेत बसली नाही. द्वारकेने तोंड फिरवून पदराने नाक पुसलं.

आठव्या दिवशी पट्टी बदलायला दोघी केंद्रात गेल्या. शेवंती पायऱ्या पुढे चढली. खोलीत शिरल्याबरोबर द्वारकेचा हात सवयीने पदराकडे गेला, आणि थांबला. काचेखाली पाटी नव्हती. चार स्क्रूची चार भोकं होती आणि मध्ये धुळीची चौकट.

“चौकशी होईपर्यंत काढायला सांगितलीय वरून,” डॉक्टर खाली बघत म्हणाले. “मी बोललो त्यांच्याशी, काकी. पण नियम आहे.”

“असूदे.”

तिने पदराची गाठ सोडली. आत फळ होतं. अकराव्या झाडाचं. अक्षताने सकाळीच आणून दिलं होतं. द्वारकेने ते पेटीत टाकलं आणि डोकं जवळ नेऊन उभी राहिली. उजेड एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. वेळ लागला.

“ठाऊक नाही,” पेटी म्हणाली.

द्वारकेने पदर घेतला आणि जिथे पाटी होती तिथली धूळ नीट पुसली. चारी भोकांच्या कडासुद्धा.

“शिकली,” ती म्हणाली.